मीटरच्या अलीकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी शिकलेली बाई बोलते. यंदा मला उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषण करणे माझे काम नव्हे. पण माझ्या घरी जे घडले ते तुम्हांला सांगावे असे वाटते.

आपल्या जासईतली घरे कशी वाढली हे तुम्ही पाहिलेच आहे. जमिनी गेल्या, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, बाहेरगावची माणसे कामाला आली. आपण पडवीमागे दोन खोल्या काढल्या, मग वर दोन, आणि भाडे घेऊ लागलो. आमचेही तसेच. भिंती नव्या झाल्या, पण विजेची वायर मात्र जुन्याच बोर्डावरून पुढे पुढे ओढत नेली.

तीन वर्षांमागे आषाढात सासूबाईंनी कपडे धुण्याच्या मशीनला हात लावला आणि झटकून म्हणाल्या, "अगो, मशीन चावतंय!" आम्ही हसलो. वायरमन आला. टेस्टर लावून म्हणाला, "पावसात थोडे येतेच." मग आम्ही काय केले? पायाखाली लाकडी पाट घेतला आणि आठ दिवस त्यावर उभे राहून कपडे धुतले! आपण बायका कशाशीही किती चटकन जुळवून घेतो, नाही का?

नवव्या दिवशी भाडेकरूची पाच वर्षांची मुलगी न्हाणीतून ओल्या अंगाने आली आणि तिने त्यांच्या जुन्या फ्रीजची गंजलेली कड धरली. हात सुटेना. तिची आई शहाणी, तिने मुलीला धरले नाही. कपडे वाळत घालायची कोरडी काठी घेऊन तिने तो हात सोडवला आणि मग बटण बंद केले. मुलगी वाचली. दोन बोटांवर फोड आले, एवढ्यावर निभावले. पण त्या रात्री मला जेवण गेले नाही. त्या खोलीचे भाडे दरमहा मीच मोजून घेत होते.

मला एक कोडे सुटेना. मशीन आमचे, फ्रीज त्यांचा, मध्ये दोन भिंती. मग परवाना असलेल्या इलेक्ट्रिक ठेकेदाराला आणले. त्याने विहिरीजवळचा अर्थिंगचा पाइप उकरला. आपली माती खाडीकाठची, खारी. पाइप गंजून गेला होता आणि अर्थिंगची तार नुसतीच लोंबत होती. सगळ्या खोल्यांची अर्थिंग एकमेकींना जोडलेली, पण जमिनीला कोणतीच नाही. मशीनची वायर उंदराने कुरतडली होती. तिथून फुटलेली वीज त्या तारेने प्रत्येक खोलीतल्या लोखंडी वस्तूवर जाऊन बसत होती. जी तार आम्हांला वाचवायची, तीच घरभर मरण वाटत होती.

नंतर त्याने मेगर नावाचे यंत्र लावले. मेन स्विच बंद करून, सगळी उपकरणे काढून, वायरिंगवर ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देतात. रोध निदान १ मेगओहम यावा लागतो. मागच्या ओल्या भिंतीतली वायर त्याच्या जवळपासही पोहोचली नाही. ती सगळी बदलली.

मी म्हटले, "आमच्याकडे एमसीबी आहे की!" तो म्हणाला, "काकी, ती वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी माणसासाठी पडायची नाही. अँपिअरच्या दहाव्या भागानेही माणूस जातो." माणसासाठी आरसीसीबी हवी, घराला ३० मिलिअँपिअरची. म्हणजे एमसीबीच्या पाचशेव्या भागाहूनही कमी विजेवर ती पडते. तिच्यावर 'टी' अक्षराचे बटण असते, ते मी महिन्याला दाबून पाहते. मात्र ती पडली म्हणून अर्थिंग चांगली आहे असे समजू नये, ते वेगळे तपासावे लागते. पहिल्या महिन्यात ती दोनदा आपोआप पडली. आमचे यजमान म्हणाले, काढून टाका ही कटकट. शोधले तर पाणी तापवायचा जुना रॉड फुटलेला निघाला. काढून टाकला तो रॉड.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे हुकूम निघाले. आपल्या घरांसाठी असा हुकूम घेऊन कोण येणार? मीटरपर्यंतची वीज कंपनीची, मीटरच्या अलीकडची आपली. वीजसंचाची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी असा नियम आहे, पण घरची तपासणी घरधन्यानेच करवून घ्यायची असते. मीटर घेताना जोडलेला टेस्ट रिपोर्ट मी ट्रंकेतून काढला. त्यात चार दिवे आणि दोन पंखे होते. आज आमच्या त्याच मीटरवर चार बिऱ्हाडे आहेत.

आज माईक का नाही, असे मघाशी कोणीतरी विचारले. गेल्या आठवड्यात त्याच ठेकेदाराकडून आपले हे सभागृह तपासून घेतले. माझ्या मागच्या प्लगला अर्थिंग नाही. दुरुस्ती होईपर्यंत तो बंद केला आहे, म्हणून मी अशी ओरडून बोलते आहे.

तो पुढच्या सोमवारी पुन्हा येणार आहे. दाराशी वही ठेवली आहे. ज्यांना घर तपासून घ्यायचे असेल त्यांनी नाव लिहावे, आणि भाड्याच्या खोल्या किती तेही लिहावे. त्या खोल्या वगळून नाव घेणार नाही.