पाठकोरे कागद

नोकरीच्या आरंभी मी ज्या कचेरीत होतो, तेथे काटकसरीसाठी पाठकोरे कागद वापरण्याचा परिपाठ होता. एकदा अशाच कागदावर मी एका अर्जदारास उत्तर धाडले. उत्तर बिनचूक होते. परंतु पाठीमागे दुसऱ्याच गृहस्थाच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब होता! अर्जदाराने कागद सौजन्याने परत आणून दिला, म्हणून निभावले.

संगणकाच्या अंतरंगातही ही चूक वर्षानुवर्षे घडत आली आहे. तेथील सर्व व्यवहारांवर कर्नलची सत्ता चालते. (लष्करातला कर्नल नव्हे, येथे या शब्दाचा अर्थ गाभा.) एखाद्या प्रोग्रॅमने माहिती मागितली, की कर्नल स्मृतीतील मोकळी जागा घेतो, तीत उत्तर मांडतो आणि तो तुकडा मागणाऱ्याच्या स्वाधीन करतो. परंतु मोकळी जागा म्हणजे कोरी जागा नव्हे. आधीच्या कामाचे अवशेष, क्वचित कोणाचा सांकेतिक शब्दही, तीत तसेच पडून असतात.

सर्व रकाने दक्षतेने भरले तरी धोका टळतोच असे नाही. एका बाइटाच्या अक्षरामागून चार बाइटांचा अंक मांडावयाचा असेल, तर अंक चाराच्या पटीतील पत्त्यावर यावा म्हणून कंपायलर मध्ये ३ बाइट सोडून देतो. माहिती ५ बाइटांची, पण बाहेर जातात ८. त्या तिघांना नावच नसते. मग लिहिणारा ते पुसणार कसे? एवढ्याशा जागेने काय बिघडते, असे वाटेल. पण तोच प्रश्न हजार वेळा विचारता येतो, आणि त्या अवशेषांत कर्नलच्या एखाद्या पत्त्याचा अंश हाती लागला, तर आक्रमकास आतील वाटा उमगू लागतात. ते पत्ते दडविण्यासाठीच तर यंत्र सुरू होताना कर्नलची जागा दर वेळी बदलण्याची युक्ती योजलेली असते.

उपाय साधा आहे : वापरापूर्वी जागा शून्यांनी भरावी. ही काळजी बरीच वर्षे लिहिणाऱ्यावरच सोपविलेली होती. २०१९ साली लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीत, साठ्यातून स्मृती देतानाच ती पुसण्याची सोय आली. फंक्शनच्या तात्पुरत्या चलांसाठी तशीच सोय कंपायलरांनीही केली. हा वेळेचा अपव्यय आहे, असा आक्षेप निघतो. मला तो फारसा पटत नाही. साठ्यातील जागा देताना पुसण्याचा भार बहुतेक कामांत एक टक्क्याहूनही कमी भरतो.

आमच्या कचेरीतही त्या प्रसंगानंतर ‘दक्षता घ्यावी’ असे परिपत्रक निघाले होते. महिन्याभरात दुसऱ्या मेजावरून तसाच कागद बाहेर गेला. तेव्हा कोठे बाहेरच्या पत्रांसाठी कोऱ्या कागदांचा निराळा गठ्ठा ठेवण्यात आला.