नकलेचा अधिकार आणि ग्राहकाची मालकी



कशेळीला खाडीचा पूल ओलांडून येताना दुतर्फा पसरलेली गोदामे पाहिली, तेव्हा वाटले की जेथे आवक-जावक, पावती, ताबा आणि मालकी यांचा व्यवहार नित्य चालतो, तेथे माझा विषय उलगडून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. दाम मोजून घेतलेल्या ध्वनिफितीची, चित्रपटाच्या तबकडीची किंवा ई-पुस्तकाची एक प्रत स्वतःच्या उपयोगासाठी करून ठेवणे हा ग्राहकाचा अधिकार आहे, आणि तो विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

या आगरी पट्ट्यात ज्या घरांनी धवल्यांच्या, म्हणजे लग्नगीतांच्या, आणि आगरी-कोळी गीतांच्या कॅसेटी हौसेने विकत घेतल्या, त्यांना ठाऊक आहे की खाडीकाठच्या दमट हवेत फितीला बुरशी चढते आणि आवाज विरत जातो. तो वेळीच दुसऱ्या साधनावर उतरवून घेतला नाही, तर पैसेही गेले आणि गाणेही गेले.

प्रतीअभावी काय ओढवते, हे मराठी वाङ्मयाने फार पूर्वी सोसले आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी खलजीच्या स्वारीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ती स्मरणाने पुन्हा बांधली, म्हणून तिच्यात इतके पाठभेद शिरले, असे महानुभावांची परंपरा सांगते. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीच्या कुलपात ठेवले, ते इतिहासाचार्य राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उघडीपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्या भांडाराचा पत्ताच नव्हता.

आपला कायदा खाजगी प्रतीच्या बाबतीत अनुदार नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ मधील खाजगी उपयोगाची मुभा प्रथम साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांनाही लागू झाली. संगणक-प्रणाली तीतून वगळली असली, तरी नुकसानीपासून संरक्षण म्हणून तिची जादा प्रत ठेवण्याची तरतूद त्याच कलमात स्वतंत्रपणे आहे. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने, प्रत करू न देणारे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कामासाठी ते उघडण्यास आडकाठी करीत नाही. मात्र उघडून देणाऱ्या साहाय्यकाने ग्राहकाच्या नावनिशीची नोंद ठेवली पाहिजे. हे सारे खरे, पण किल्ली विक्रेत्याने पुरवावी असा हुकूम अधिनियमात कोठेही नाही, आणि सामान्य माणसाची अडचण नेमकी तेथेच आहे.

मी स्वतः ग्रंथकार आहे; नकला करून बाजारात विकणारा माझ्या श्रमाचा अपहार करतो, हे मी जाणतो. परंतु आपल्याच घरी, आपल्याच उपयोगासाठी दुसरी प्रत ठेवणाऱ्या वाचकाने माझे काय हिरावले? एका विक्रेत्याकडून मी घेतलेली मराठी ई-पुस्तके त्याचे दुकान बंद होताच नाहीशी झाली. आणि जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली, पैसे परत केले खरे, पण एका विद्यार्थ्याची त्यावरील टिपणे व्यर्थ झाली. खरेदीखताचे पैसे घेऊन भाडेचिठ्ठी हाती देण्याचा हा प्रकार येथला एकही गोदामवाला चालवून घेणार नाही.

म्हणून आजच्या सभेच्या संध्याकाळच्या ठरावांत मी एक कलम सुचवितो: विक्रेत्याने दाम घेण्यापूर्वी मालकी देतो की केवळ वापराची परवानगी, हे मराठीत ठळकपणे लिहावे, आणि मालकी देत असेल तर एका खाजगी प्रतीची किल्लीही सोबत द्यावी. मसुदा चिटणिसांकडे दिला आहे.