कचेरी सुटल्यावरचा लेखक



आपल्या जिंतूरकडं नव्यानं लिहिणाऱ्याला ‘लिहू नकोस’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही. ‘छान आहे, पण त्यातून मिळतं काय?’ एवढंच विचारतात. घरचे भरतीचा फॉर्म पुढं सरकवतात. दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथेचं तर काहीच कळत नाही. पूर्वी ‘साभार परत’चा लिफाफा तरी यायचा, आता ना होकार, ना नकार. टीका परवडली, असं वाटायला लागतं.

अशा वेळी मला बी. रघुनाथ आठवतात. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म 1913, गाव सातोना. मनमाडहून परभणीला येताना सेलूच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. 1932 साली हैदराबादेत मॅट्रिक झाले. पुढचं शिक्षण राहिलं आणि निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करावी लागली. दफ्तर उर्दूत, मराठी छापणारी शहरं लांब. मराठी लिहिणाऱ्याची पाठ थोपटणार कोण? तरी 1943 ते 1946 या काळात ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’ अशा चार कादंबऱ्या आल्या. दर साल एक, तीही नोकरी सांभाळून!

त्यांच्यापाशी उमेदीचा मोठा साठा होता असं मला वाटत नाही. लिखाणात कडवटपणा पुष्कळ आहे. पण तो कडवटपणा त्यांनी मनात मुरवत न ठेवता कागदावर खर्च केला. 7 सप्टेंबर 1953 रोजी, चाळिशीतच ते गेले. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी 1954 साली आली, ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह त्याच्याही नंतर. ही पुस्तकं छापलेली त्यांनी पाहिलीच नाहीत. म्हणून ‘आज ना उद्या कौतुक होईलच’ असं आश्वासन नवोदितांना देण्याची माझी छाती होत नाही.

काम सांभाळून लिहिण्याचं अलीकडचं उदाहरण आसाराम लोमटे यांचं. परभणीत पत्रकारिता करत कथा लिहिल्या. ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कथांतली माणसं आपल्याच शिवारातली आहेत.

आता आपल्या आडतीवर बघा. मूठभर सोयाबीन यंत्रात पडतं, यंत्र ओलावा जास्त दाखवतं, भाव खाली येतो. शेतकरी काही बोलत नाही, रिकामं पोतं झटकून घडी घालतो. त्या वेळी त्याच्या मनात काय चाललंय, हे पुण्याहून येऊन कोण लिहिणार? ते तुम्हाला ठाऊक आहे. लिहून झालं की एका माणसाला वाचून दाखवा. तारीफ मागू नका. कुठं कंटाळा आला तेवढं विचारा. तो जांभई देईल, तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या.