मायची किडनी



मन आणि म्हैस नद्यांच्या काठच्या या बाळापुरात किडनीचा विषय निघाला, की उत्तर तयार असतं: "खाऱ्या पान्यानं झालं." पूर्णेच्या खोऱ्यातलं खारपाणपट्ट्याचं पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या प्यालो. पाण्यावरचा संशय मी खोडत नाही. पण त्या एका उत्तरापायी दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही: घरात याआधी कुणाला होतं का?

समजा, बापाच्या किडन्या निकामी झाल्या. विशीतला मुलगा म्हणतो, माझी घ्या. रक्तगट जुळतो, सोनोग्राफी स्वच्छ. पण बापाचा आजार किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा, म्हणजे पॉलिसिस्टिक असेल, तर तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. आणि विशीत त्या गाठी सोनोग्राफीत दिसतीलच असं नाही. आजार उतरला असेल, तर उद्या तो त्याला एका किडनीवर तोंड देईल. म्हणून जनुकीय तपासणी. तीही आधी रुग्णाची. त्याच्यात दोष सापडला, तर मग दात्यात नेमका तोच शोधायचा. उलट क्रमानं गेलात तर दात्याच्या 'निर्दोष' रिपोर्टावर विसंबता येत नाही.

दात्याच्या आणि रुग्णाच्या ऊती जुळतात का हे पाहणारी एचएलए तपासणी वेगळी. सख्खा भाऊ पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, आईबाप निम्मे जुळतातच. 1954 साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत, त्यामुळे जुळणीचा पेचच आला नाही. आता अमरावतीच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही प्रत्यारोपण होतं. बाळापूरकराला त्यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं राहिलं नाही.

आपल्याकडे किडनी द्यायला सगळ्यात आधी पुढे होते ती माय. देशातल्या जिवंत दात्यांत बायाच जास्त. मुलाची किडनी गेली आणि त्याला ऐकूही कमी येत असेल, तर आल्पोर्टचा आजार मनात यायला हवा. त्याचा दोष बहुतेकदा एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुष्कळदा आईकडूनच येतो. तिच्याही लघवीत रक्ताचा अंश सापडू शकतो. अशा आईची किडनी घेणं हा अगदी शेवटचा पर्याय. तिला "नको" म्हणणं डॉक्टरला जड जातं, पण म्हणावं लागतं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं जवळच्या नातेवाइकाला किडनी देण्याची मुभा दिली. द्यायलाच हवी असं कुठं म्हटलंय?

तपासणीत दोष निघाला की घरचे मात्र कुजबुजतात, "पोरीचं लग्न व्हायचं आहे, हे कागदावर नका आणू." त्यांच्यावर रागावू नका, स्थळ मोडतं हे खरं आहे. रिपोर्टात न विचारलेलंही उघड होतं, कधी नात्यागोत्याचं. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातलं कुणी उद्या लॅबमध्ये बसेल, त्यानं ते चहाच्या टपरीवर नेऊ नये.

आज घरी गेल्यावर एक करा. आजीपाशी बसा. किडनीचा त्रास कुणाला होता, कोण तरुणपणी गेलं, कुणाला ऐकू येत नव्हतं, तीन पिढ्यांचं वहीत लिहून घ्या. त्या तपासणीला पैसे लागत नाहीत.