वाकलेलें हेड: दुरुस्ती कीं बदल?

घाटांत एखादी मालमोटार बंद पडली, तर आपणां प्रवाशांना तिचा विचार रस्ता अडण्यापुरताच असतो. परंतु ती मोटार ज्याच्या एकट्याच्या मालकीची असते व जिच्यावर त्याचा संसार चालतो, त्याच्यापुढें त्या घटकेपासून एक अवघड हिशेब उभा राहतो. त्या हिशेबासंबंधीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका जुन्या मालमोटारीचा मालक आणि चालक आहे. मुंबईहून नाशिककडे माल घेऊन येतांना कसाऱ्याच्या घाटांत त्याच्या इंजिनाच्या पाण्याची रबरी नळी फाटली. उष्णता दाखविणारा कांटा वर चढला आणि थोड्या वेळानें आपोआप खालीं आला. इंजिन निवलें, असें समजून त्यानें गाडी तशीच माथ्यापर्यंत नेली. वस्तुतः इंजिन निवलें नव्हतें, पाणी संपलें होतें. मापकाच्या टोंकाला स्पर्श करण्यास पाणीच न उरल्यामुळें कांटा उतरला होता. माथ्यावर इंजिनाची ओढ गेली आणि पांढरा धूर निघूं लागला. दुसऱ्या दिवशीं इंजिन उघडल्यावर निदान झालें: गॅस्केट गेलें आणि हेड वाकलें.

हेड म्हणजे सिलिंडरांवर बसविलेलें जड झांकण. हवा आंत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हाल्व्ह, डिझेल फवारणारीं नोझलें आणि पाणी खेळविणाऱ्या वाटा, हें सर्व त्यांत सामावलेलें असतें. १९९३ सालीं टाटा व कमिन्स यांनीं मिळून जी संयुक्त कंपनी स्थापिली, तिच्या जमशेदपूर येथील कारखान्यांतून निघालेलें सहा सिलिंडरांचें ५.९ लिटरचें इंजिन जुन्या मालमोटारींत पुष्कळ आढळतें. त्याच्या सहाही सिलिंडरांवर एकच लांब बिडाचें हेड असतें आणि तें २६ बोल्टांनीं आवळलेलें असतें. माझ्या विद्यार्थ्याच्या मोटारीचें इंजिन याच जातीचें आहे.

या इंजिनाला टर्बोचार्जर असतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं पेटंट घेतलेली ही कल्पना मोठी चतुर आहे. बाहेर जाणाऱ्या तप्त धुरानें एक चाक फिरवावयाचें आणि त्याच आंसावरच्या दुसऱ्या चाकानें अधिक हवा सिलिंडरांत कोंबावयाची. हवा अधिक मिळाली म्हणजे डिझेल अधिक जाळतां येतें व शक्ति वाढते. पण शक्तीबरोबर उष्णताही वाढते. ती वाहून नेणारें पाणी नाहींसें झालें कीं तिचा सर्व भार हेडावर येतो.

आतां थोडें गणित. पाऊण मीटर लांबीची बिडाची पट्टी १०० अंश सेल्सिअसनें तापली, तर ती सुमारें ०.८ मिलिमीटर लांबते. सर्व इंजिन सारखेंच तापलें, तर यांत फारसा धोका नाहीं. परंतु पाणी आटलें म्हणजे हेडाचा एक भाग फार तापतो आणि दुसरा कमी. तापलेला भाग पसरूं पाहतो, बोल्ट त्याला पसरूं देत नाहींत, आणि दोहोंच्या झगड्यांत धातु वांकडी होते. निवल्यावर ती पूर्ववत् सरळ होत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें दोन ठिकाणीं सल्ला विचारला. एक मिस्त्री म्हणाले, "हेड प्लेन करून टाका, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर येईल." दुसरे म्हणाले, "वाकलेलें हेड भंगारांत घाला आणि नवें घ्या." मोजमाप मात्र दोघांनींही घेतलें नव्हतें. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, आतां कोणाचें ऐकूं?" नव्या हेडाची रक्कम त्याच्यापाशीं होती, पण ती मुलीच्या महाविद्यालयाच्या फीसाठीं बाजूला ठेवलेली होती.

यंत्रांतलें मला काय कळणार? परंतु मोजल्याशिवाय उत्तर लिहूं नये, हें मीं आयुष्यभर मुलांना शिकविलें. म्हणून आम्ही दोघे एका वृद्ध फिटरकडे गेलों. त्यांनीं हेड स्वच्छ धुतलें, त्यावर पोलादी सरळ पट्टी लांबींत, रुंदींत व दोन्ही कर्णांवर ठेवली आणि पट्टीखालून फीलर गेजचीं पातळ पानें सरकवून पाहिलीं. लांबींत, मध्यभागीं, ०.२० मिलिमीटरची फट निघाली. आपल्या डोक्याचे दोन-तीन केस एकावर एक ठेवले तर होईल एवढीच ती जाडी. पण अशा हेडाला चालणारा फरक याहून पुष्कळ कमी असतो.

मग त्यांनीं हेडाची उंची मोजली. कारखान्याच्या पुस्तिकेंत किमान उंची दिलेली असते; तिच्याखालीं हेड तासतां येत नाहीं. तासल्यावर व्हाल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलचें टोंक पुढें येतें. म्हणून व्हाल्व्हच्या बैठका तितक्याच खोल कराव्या लागतात, नोझलखालीं योग्य जाडीची चकती घालावी लागते किंवा अधिक जाडीचें गॅस्केट वापरावें लागतें. या हेडाची उंची पुरेशी होती. येथपर्यंत पहिल्या मिस्त्रींचा सल्ला बरोबर ठरत होता.

तिसरी परीक्षा तेवढी उरली. हेडाच्या पाण्याच्या सर्व वाटा बंद करून तें कोमट पाण्यांत बुडविलें व आंत दाबानें हवा सोडली. चौथ्या सिलिंडरच्या दोन व्हाल्व्हांमधून बारीक बुडबुडे येऊं लागले. तेथें तडा गेला होता.

विद्यार्थी हळूच म्हणाला, "तडा बारीक आहे. प्लेन करून एवढा हंगाम काढला तर?" फिटर म्हणाले, "बाबा रे, गरम झालें कीं तो उघडणार. रात्रीं उभ्या गाडींत पाणी सिलिंडरांत उतरलें आणि सकाळीं तूं चावी फिरवलीस, तर पाणी कांहीं हवेसारखें दबत नाहीं. कनेक्टिंग रॉड वाकेल. मग हेडाच्या जागीं सारें इंजिनच घ्यावें लागेल." विद्यार्थ्यानें नवें हेड घेतलें. फी हप्त्यांनीं भरण्याची सवलत त्याच्या मुलीनें स्वतः जाऊन मागितली व तिला ती मिळाली.

दुसऱ्या मिस्त्रींचें उत्तर बरोबर निघालें खरें. पण रीत न दाखवितां आलेल्या उत्तराला मीं वर्गांत कधीं पूर्ण गुण दिले नाहींत. तडा नसता, तर त्याच उत्तरानें एक चांगलें हेड भंगारांत गेलें असतें.

नवें हेड बसविण्यापूर्वीं फिटरनीं खालच्या ब्लॉकची पातळीही तपासली आणि बोल्टांच्या भोंकांतलें तेल-पाणी काढलें. बोल्ट मध्यापासून कडांकडे, टप्प्याटप्प्यानें आवळले. टॅपेटचें अंतर, इंजिन थंड असतांना, हवेच्या व्हाल्व्हला ०.२५ व धुराच्या व्हाल्व्हला ०.५० मिलिमीटर ठेवलें. मग ते मूळ कारणाकडे वळले. सर्व रबरी नळ्या बदलल्या. रेडिएटर बाहेरून चिखलानें आणि आंतून क्षारांनीं अर्धा बुजला होता, तो साफ केला. अधिक ओढ मिळावी म्हणून पूर्वीं कोणीं तरी डिझेलचा पंप वाढवून ठेवला होता, तोही पूर्ववत् केला. हें केलें नसतें, तर नवें हेडही जुन्याच्याच वाटेनें गेलें असतें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांच्या दारीं लहान मोटारी आहेत, त्यांनाही हाच नियम लागू आहे. कांटा चढला तर गाडी थांबवावी. तो आपोआप उतरला, तर आधीं थांबवावी. इंजिन पुरतें निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये, आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये. घाटांत अर्धा तास खोटी झाली, तर घरीं पोहोंचण्यास उशीर होईल, एवढेंच.