भिंतीवरचा तक्ता उतरवा



शिक्षकांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. माझ्याहून लायक माणसं समोर बसली आहेत, असं म्हणायची रीत आहे. ते म्हटलं असं समजा. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्राथमिक गणिताध्यापन : एक आढावा’ असं छापलंय. तर आढावा : १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ‘नली-कली’ हे आनंददायी शिक्षण सुरू झालं आणि पुढं राज्यभर गेलं. २०२० साली नवं शिक्षण धोरण आलं, २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान, २०२३ साली एनसीईआरटीची पहिली-दुसरीची नवी पुस्तकं. झाला आढावा.

मला बोलायचंय ते तक्त्याबद्दल. पहिलीच्या वर्गात टांगलेला, रंगीत, गुळगुळीत, आकारांचा तक्ता. त्यातला त्रिकोण कायम पायावर बसलेला, तिन्ही बाजू सारख्या. चौरस सरळ उभा. वर्तुळाशेजारी चेंडू आणि आयताशेजारी वीट. अहो, चेंडू वर्तुळ नाही! वीट आयत नाही! सहा वर्षांच्या पोराला आपण धडधडीत खोटं सांगतो आणि पुढं घनफळ शिकायची वेळ आली की ‘पाया कच्चा’ म्हणून त्यालाच बोल लावतो.

सकाळच्या परिसंवादात ‘त्रिकोण’ म्हणावं, ‘ट्रायँगल’ म्हणावं की कन्नड ‘त्रिभुज’, यावर मोठी खडाजंगी झाली. ऐकताना मला एक मुलगा आठवला. बेंगळुरूत सर्जापूर रस्त्याकडे इमारती उठत होत्या, तेव्हा गवंड्यांची मुलं माझ्या वर्गात येत. त्यातला हा एक, बीदर जिल्ह्यातल्या भालकीकडचा. मी पुठ्ठ्याचा चौरस कोपऱ्यावर उभा धरला. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “डायमंड!” हा उठला, माझ्या हातातून पुठ्ठा घेतला, त्याचा एकेक कोपरा वहीच्या कोपऱ्यावर ठेवून पाहिला. मग करगोट्याचा लोंबता दोरा एका बाजूवर धरला आणि तेवढाच दोरा उरलेल्या तिन्ही बाजूंना लावला. म्हणाला, “गुण्यात हाय की, टीचर. त्योच हाय ह्यो.” बापाच्या हातातला, काटकोन तपासायचा गुण्या त्यानं रोज पाहिलेला. तुमच्या तिन्ही भाषांतलं एकही नाव त्याला येत नव्हतं. चौरसाची व्याख्या मात्र त्यानं पुरी करून दाखवली. माझ्यापुरता परिसंवाद तिथंच संपला.

पिएर आणि दीना व्हॅन हीले या डच शिक्षक दांपत्यानं १९५७ सालीच हे मांडलं होतं. मूल आधी आकार एकूण रूपावरून ओळखतं, गुणधर्म त्याला नंतर कळतात. आणि नुसतं वय वाढलं म्हणून ते पुढच्या पायरीवर जात नाही, तसं शिकवावं लागतं. आपला तक्ता त्याला पहिल्याच पायरीवर डांबून ठेवतो.

किंडरगार्टन सुरू करणाऱ्या फ्रोबेलनं मुलांच्या हाती आधी गोल, घन, दंडगोल दिले. सपाट तुकडे मागाहून. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. तिथं त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, खडे, पानं यांचीच साधनं केली. त्यांच्याकडून आपण काय उचललं? फोटोला हार घालणं!

टॅबलेटवाल्या मित्रांनो, तुमच्या पडद्यावरच्या चौकोनाला कोपरे आहेत, पण ते बोटाला टोचत नाहीत. दिवाळीच्या आधी माझ्या वर्गात आम्ही पिठाची पोळी लाटून कातण्यानं कापायचो. कातणं सरळ फिरलं की चौरस, तिरकं फिरलं की शंकरपाळी. “एक कोपरा टोकदार झाला, शेजारचा फाकला,” हे मला पहिलीतल्या पोरीनं सांगितलंय. आता वर्गात पीठ आणायला परवानगी लागते म्हणे.

करायचं काय? अशा कृतींची एक पुस्तिका काढू. रिकाम्या खोक्यांची, डब्यांची पेटी करून सीमाभागातल्या मराठी शाळांना पाठवू. पैशांचं कार्यकारिणी बघेल, पुस्तिका कोण लिहील तेही ठरेल. तोवर सोमवारी शाळेत गेलात की तक्ता उतरवा आणि उलटा अंथरा. कोऱ्या बाजूवर पोरांना खोकी ठेवून कडेनं गिरवू द्या. घनाच्या पोटातून चौरस कसा निघतो ते त्यांचं त्यांना दिसेल. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तक्ता कुठाय, तर खुशाल माझं नाव सांगा. निवृत्त बाईचं कोण काय वाकडं करणार?