जखम मांडीला, मलम शेंडीला

(मंडळाच्या ध्वनिमुद्रण कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी गायक नाही, वादक नाही. पदवीने कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आणि पोटापाण्यासाठी लोकांच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधत गावोगाव हिंडतो. तरीही गणपतीचे दिवस जवळ आले की मला फोन येऊ लागतात. "अरे, गाणं छान रेकॉर्ड झालंय, पण मध्येच टिक् टिक् येतंय." "तबला मागे पडलाय." "मुलीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतोय." आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न असतो, "कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ?"

माझं उत्तर असतं, काही घेऊ नका. आधी दुखतंय कुठे ते बघू. आपल्याकडे म्हण आहेच, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. ध्वनी संपादनातल्या निम्म्याहून अधिक अडचणी अशा मलमामुळेच वाढतात, असा माझा अनुभव आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. कॉम्प्युटरवर संगीत वाजवण्याचा एक सुरुवातीचा खटाटोप आपल्या न्यू जर्सीतल्याच बेल लॅब्जमध्ये झाला. १९५७ साली मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएमच्या अवाढव्य यंत्राकडून सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. पुढे २००० साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर लोकांच्या हाती दिलं. आज आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर ते असेल. म्हणजे साधनांची कमतरता नाही. कमतरता आहे ती निदानाची.

आता एकेक तक्रार घेऊ.

पहिली, ती टिक् टिक्. ती ऐकू आली की सेकंदाचा आकडा लिहून ठेवा आणि तोच भाग पुन्हा वाजवा. टिक् त्याच जागी आली तर दोष फाइलमध्ये आहे. दर वेळी वेगळ्या जागी आली तर फाइल निर्दोष आहे, तुमचा कॉम्प्युटर दमलाय. ही एवढी साधी परीक्षा न करता लोक तास न् तास निर्दोष फाइल दुरुस्त करत बसतात!

दमलेल्या कॉम्प्युटरचा उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये ‘बफर’ नावाचा आकडा असतो. बफर म्हणजे पाण्याची टाकी समजा. नळाला पाणी थेंबथेंब येतंय आणि घरात मात्र बादल्या भरायच्या आहेत, तर टाकी मोठी हवी. टाकी लहान असली की मध्येच धार तुटते, तीच ती टिक्. पण टाकी मोठी केली की आवाज उशिरा पोचतो. १२८ नमुन्यांच्या बफरला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, १०२४ ला तेवीस. हेडफोनवर स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला तेवीस मिलिसेकंदांचा उशीर नक्की खटकतो. म्हणून गाताना बफर लहान आणि नंतर संपादन करताना मोठा, एवढं लक्षात ठेवा.

आता दोष फाइलमध्येच असेल तर? सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्यांची रेघ लाटेसारखी वरखाली जाते. तुम्ही लाट वर असताना कापलीत आणि पुढचा तुकडा लाट खाली असलेल्या जागी जोडलात, तर स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात कडा उतरावा लागतो. ती उडी म्हणजे टिक्. लाट मधली रेघ ओलांडते तिथे कापा. ऑडॅसिटीत भाग निवडून ‘झेड’ दाबलंत की निवडीच्या कडा आपोआप अशा जागी सरकतात. पण स्टिरिओत डावी आणि उजवी लाट एकाच वेळी मध्यावर येईलच असं नाही. तिथे दोन्ही तुकडे पाच-दहा मिलिसेकंद एकमेकांत मिसळा. एक मावळतो, दुसरा उगवतो. यालाच क्रॉसफेड म्हणतात.

आपल्या संगीतात इथे आणखी एक मेख आहे. मागे तानपुरा चालू असतो. पाश्चात्त्य गाण्यात दोन ओळींच्या मध्ये शांतता सापडते, तिथे कापता येतं. तानपुरा कधीच थांबत नाही. पंचमाच्या तारेनंतर कापलंत आणि पुढे पुन्हा पंचमच आला, तर टिक् नसली तरी कानाला ठेच लागते. म्हणून तानपुऱ्याचं आवर्तन ऐकून, त्याच तारेवर कापून त्याच तारेवर जोडायचं, आणि मिसळण चांगली अर्ध्या सेकंदाची ठेवायची.

दुसरी तक्रार, "आवाज चढलाय." हा दोष बहुतेक वेळा दोन आकड्यांच्या भांडणाचा असतो. सीडीचा वेग ४४,१००, तर व्हिडिओचा ४८,०००. एका वेगाची फाइल दुसऱ्या वेगाने वाजली तर पाच मिनिटांचं गाणं चार मिनिटं छत्तीस सेकंदांत उरकतं आणि पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लटकतं. गाणारीला विचारलंत तर ती शपथेवर सांगेल, मी एवढ्या वर गायलेच नाही. तिचं खरं असतं! अशा वेळी पिच खाली आणण्याचं औषध देऊ नका. फाइलचा खरा वेग कोणता तेवढं सॉफ्टवेअरला सांगा, गाणं आपोआप जागेवर येतं.

याचंच चुलत भावंडं म्हणजे नाटकाच्या व्हिडिओत ओठ आणि शब्द यांची फारकत. सुरुवातीला जुळतं आणि दुसऱ्या अंकात बिनसतं. कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, रेकॉर्डरचं वेगळं. दहा लाखांत पन्नासाचा फरक असला तरी तासाभरात जवळजवळ एक पंचमांश सेकंदाचं अंतर पडतं. उपाय अगदी घरगुती आहे. नाटकाच्या आधी एक टाळी आणि संपल्यावर एक टाळी वाजवा. दोन्ही टाळ्या जुळवून आवाज किंचित ताणला की मधलं सगळं बसतं.

तिसरी तक्रार तालाची. ही सॉफ्टवेअर बहुतेक चार मात्रांच्या चौकटी गृहीत धरून येतात. तीनतालाच्या सोळा मात्रा त्यात योगायोगाने बसतात. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा बसत नाहीत. शिवाय आपली लय हळूहळू वाढते, आणि ती वाढावी अशीच असते. भजन रंगात आलं आणि लय वाढली नाही, असं कधी होतं का? पण ‘स्नॅप’ चालू असेल तर तुम्ही हलवलेला प्रत्येक तुकडा जवळच्या चौकटीला जाऊन चिकटतो आणि तबलजी उगाच बदनाम होतो. स्नॅप बंद करा. तसंच गायिकेच्या ट्रॅकमधला एखादा खोकला काढण्यापूर्वी सगळे ट्रॅक एकमेकांना बांधून घ्या. नाहीतर तिचं गाणं खोकल्याएवढं पुढे सरकतं, तबला जागेवरच राहतो, आणि समेवर दोघांची भेट म्हणून होत नाही.

आता शेवटची तक्रार, आणि ज्यासाठी मी आज मुद्दाम उभा आहे तो विषय. आवाज ‘स्वच्छ’ करण्याचा.

नको असलेला आवाज काढणारं साधन चालतं कसं? तुम्ही त्याला एक नमुना दाखवता, "हा बघ कचरा." मग ते संपूर्ण फाइलमधून तशा प्रकारचा सलग, एकसुरी आवाज कमी करत जातं. आता विचार करा, आपल्या मैफलीत सर्वांत सलग आणि एकसुरी काय असतं? तानपुरा! २०२० साली गाण्याच्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या तेव्हा हेच घडलं. मीटिंगचं सॉफ्टवेअर तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून गिळून टाकायचं. सूर पक्का करणाऱ्या ऑटो-ट्यूनचंही तेच. तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचा अभ्यास करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन इंजिनिअरने १९९७ मध्ये ते आणलं. गणित अप्रतिम आहे. पण नेहमीच्या बारा पट्ट्यांवर ठेवून वापरलंत तर दरबारीचा आंदोलित गंधार त्याला बेसूर वाटतो आणि मींडेच्या जागी ते जिना बांधून देतं. हा बग नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे ते अगदी बरोबर काम करतंय. समजूत आपली नाही, एवढंच.

आपल्या ओळखीच्या एका काकांची गोष्ट सांगतो. त्यांच्या आईच्या आवाजातली अभंगांची कॅसेट होती, १९८३ सालची, साताऱ्याच्या घरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून केलेली. ती त्यांनी एका दुकानातून सीडीवर करून आणली. सीडी एकदम स्वच्छ. पण आईचा आवाज भांड्यात घुमल्यासारखा आणि तंबोरा जवळजवळ नाहीसा. काका मला विचारायला आले होते, "आता कॅसेट टाकून देऊ ना?"

आम्ही कॅसेट पुन्हा घेतली. आधी एकदा पुढे-मागे फिरवून फीत मोकळी केली, प्लेअरचं हेड साफ केलं, आणि काहीही न काढता सरळ वेव्ह फाइल केली. तंबोरा परत आला. फितीची सळसळही आली. आणि दोन अभंगांच्या मधली जागा, जी दुकानात निरुपयोगी म्हणून कापली होती, तीही आली. त्यात आई कुणाला तरी म्हणते, "दार लाव रे, ऊन येतंय." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो ‘रे’ म्हणजे मी."

मंडळी, आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि बर्नार बेल या फ्रेंच अभ्यासकाने त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. त्यातली जात्याची घरघर यंत्राच्या हिशेबाने कचराच आहे. पण जातं काढून टाकलं तर ओवी बसणार कशावर?

म्हणून माझे नियम थोडेच आहेत. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. दोष पुन्हा त्याच जागी येतो का ते पाहा. निम्मे ट्रॅक बंद करून दोष कुठल्या निम्म्यात आहे ते शोधा, मग त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे. एका वेळी एकच गोष्ट बदला. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरंच फायनल’ अशी नावं देण्याऐवजी तारीख घाला. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि आवाज साफ करण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एकदा ऐकवून विचारा, यातला कचरा कोणता?

गणपतीचं गाणं बिघडलं तर मुलं पुढच्या वर्षी पुन्हा गातील. खोक्यातल्या कॅसेटमधली माणसं पुन्हा गाणार नाहीत. फीत दरवर्षी थोडी थोडी झिजते आहे, आणि चालू स्थितीतले कॅसेट प्लेअरही आता शोधावे लागतात. या दिवाळीत माळा आणि कंदील काढायला बेसमेंटमध्ये जालच, तेव्हा ते खोकंही वर घेऊन या. प्लेअर नसेल तर माझ्याकडे एक आहे. अडलं तर फोन करा, फक्त तेवढा सेकंदाचा आकडा लिहून ठेवा!